दोन रांजणांहून मोठं पाणी

नाव: मुसा अब्बास होडेकर. राहणार: खाडीकाठचा मोहल्ला, तालुका व जिल्हा रत्नागिरी. पूर्वीचा व्यवसाय: आखाती जहाजांवर इंजिनखात्यात ऑइलमन. हल्लीचे पद: मशिदीच्या हौदाचे निगराणीदार, विनावेतन. अधिकार: वजूचे, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचे, पाणी योग्य आहे वा नाही हे रंग, चव व वास यांवरून ठरविणे. सदर इसम हे काम सचोटीने करीत असल्याचे जमातीचे मत आहे.

जमातीचं मत बरोबर होतं. मुसाभाई रोज फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या, आधी हौदाशी उकिडवे बसत. ओंजळीत पाणी घेऊन ते दिव्याकडे धरत, जिभेला लावत आणि शेवटी नाकाशी नेत. यातली जीभ तंबाखूने कधीच निकालात काढली होती. नाकाचं म्हणाल, तर उमेदीची सगळी वर्षं इंजिनाच्या शेजारी काढलेल्या माणसाला तेलाचा वास येत नाही. तेलाला वास असतो हे ते मान्य करत, पण लोक म्हणतात म्हणून. उरला रंग. त्यात मात्र त्यांचा हात धरणारा मोहल्ल्यात कुणी नव्हता.

एका गुरुवारी हौदातले मासे उलटे तरंगताना दिसले. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून मलेरियावाल्यांनी सोडलेले ते गप्पी मासे. पाण्याचा रंग उत्तम होता. मुसाभाईंनी मासे ओंजळीने काढले, नारळाच्या बुंध्याशी पुरले आणि घरी आले.

चहा देता देता त्यांची बायको हफीजा थबकली. "अद्नानचे अब्बा, तुमच्या बाहीला ग्यारेजचा वास येतंय."

"अद्नानकडे नाय गेलो आज. हौदावर होतो."

"मंग हौदाला येतंय," हफीजा म्हणाली आणि भाकरी उलटायला आत गेली.

अद्नान त्यांचा मुलगा. हौद ज्या विहिरीवरून भरतो, तिच्या वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, त्याची होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची शेड आहे. इंजिनातलं काळं तेल तो मागच्या पडीक चिरेखाणीत ओततो. त्याच्या आधी तिथे इतरांनी बरंच काही ओतलेलं आहे, कारण जांभा दगड सगळं पितो, हे रत्नागिरीत शाळेत न जाताही समजतं. पिऊन पुढे तो काय करतो, हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, जुम्मा. सगळा मोहल्ला त्याच पाण्याने वजू करणार, आणि ते चालेल की नाही हे सांगायचं मुसाभाईंनी. चालणार नाही म्हणावं तर शेडवर बोट जातं. चालेल म्हणावं तर लोकांच्या नमाजांचा भार आपल्या मानेवर.

ते मौलानांकडे गेले. मौलाना लांज्याकडचे, तरुण, किताबाचे पक्के. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"हे बघा मुसाचाचा. आपल्यात दोन मोठे रांजण भरतील एवढं पाणी असलं की थेंबाथेंबाने नापाक होत नाही. तुमचा हौद त्याहून कितीतरी मोठा. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, शेजारी राहतं. शेजाऱ्यामुळे पाणी बाद होत नाही."

"म्हणजे पाक?"

"पाक."

मुसाभाईंना हायसं वाटायला हवं होतं. ते उठले, चपला घातल्या आणि पुन्हा आत आले.

"मंग मासे कशाने मेले, मौलानासाब?"

मौलानांनी दाढीवरून हात फिरवला. "चाचा, माशांना वजू लागत नाही."

हे निर्विवाद होतं. तरी सड्याची चढण चढताना मुसाभाईंना एवढंच कळेना, की ज्या पाण्याने अल्लासमोर उभं राहता येतं, त्यात त्याचाच मासा राहू का शकत नाही.

अद्नान इंजिनाखाली आडवा होता. "पाक सांगितलंन ना? मंग कशाला घोळ घालताव, अब्बा?"

"तेल दुसरीकडे ओत."

"कुठे? खाडीत? तुमी जहाजावरनं काय करत होतंव? दर्यात सोडत होतंव ना तेलपाणी?"

"दर्या मोठा होता."

"दोन रांजणांहून?"

मुसाभाई चढण उतरू लागले. जहाजावर हुकूम यायचा, ते कॉक फिरवायचे, मागे पाण्यावर रंगीत पट्टा पसरायचा. एकाने तर त्याला जन्नतचा गालिचा म्हटलं होतं, आणि सगळे हसले होते. ते पाणी कुणाच्या हौदाचं होतं, असा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. आता पडला, आणि त्याला किती रांजणांचं माप लावायचं हे कुठल्या किताबात आहे ते ठाऊक नव्हतं.

जुम्म्याला, वजू सुरू व्हायच्या आधी, ते हौदाच्या कट्ट्यावर उभे राहिले.

"मासे मेले ते तेलाने. तेल माझ्या पोराचं हाय. मौलानासाब पाणी पाक सांगतात. मला वास येत नाय, म्हणून मला सांगता येत नाय. तुमी बघा."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्यांना नाक होतं त्यांना वास केव्हापासूनच येत होता. पण मुसाभाई रोज तपासतात म्हटल्यावर बोलायचं कुणी?

"मौलाना पाक म्हणतात ना, मग झालं," बशीर खलाशी बाह्या सरसावत म्हणाला. "आणि अद्नानची शेड बंद केली तर माझं इंजिन कोण उघडणार? तुमी उघडणार?"

हशा पिकला. मुसाभाईही हसले, कारण सगळे हसत होते. मग हौदाचे नळ सुरू झाले.

नमाजानंतर जमातीची बैठक बसली. ठराव झाला तो असा: हौदाचे पाणी वजूस योग्य आहे, मासे पुन्हा मागविण्यात यावेत, मुसा होडेकर यांनी दाखविलेल्या सचोटीबद्दल जमात त्यांची आभारी असून निगराणीचे काम यापुढेही त्यांच्याकडेच राहील. एकमताने मंजूर.

मुसाभाई हल्ली वजू घरून करून येतात.