शेवटचे तीन ठोके

वाद्यवृंदाचा एखादा हलकाफुलका मार्च, म्हणजे पावले टाकत चालायची धून, मुलांना वर्षानुवर्षे का आवडत राहतो, या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी निघालो होतो. उत्तर मिळाले, आणि त्यानेच मला एका खोलीत अडकवून ठेवले आहे.

उंद्रीजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेत परिपाठ संपला की मुले मार्चच्या तालावर रांगेने वर्गात जातात. आधी बासऱ्या, मग पितळी वाद्ये, खाली ढोलाचा ठेका. पेनड्राइव्हवरची आमची प्रत शेवटच्या तीन ठोक्यांआधीच तुटत असे. ते ठोके मुले तोंडाने पुरे करत, "धम्, धम्, धम्!" आणि वर्गात शिरत.

मला अपुरे काही सहन होत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी पूर्ण धून मिळवली व जुनी प्रत पुसून टाकली.

सुट्टीनंतर धून निर्दोष वाजली. मुले मुकाट्याने वर्गात गेली. चौथीतली एक मुलगी मात्र माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, आपलं काऊन नाही लावलं?"

"आपलं म्हणजे कोणतं?"

"ते तुटकं."

"अगं, हे पूर्ण आहे."

"मंग आमी काय करावं?"

मी हसलो. तीन दिवसांनी पहिलीच्या बाई आल्या. त्यांच्या वर्गातली एक मुलगी घरी बोलते. शाळेत मात्र जूनपासून तिने एक अक्षर उच्चारले नव्हते.

"सर, ते तीन धम् तेवढे म्हणे ती. माहा हात धरून. आता तेही बंद झालं."

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकांच्या खोलीत यंत्राजवळ थांबलो, शेवटच्या ठोक्यांआधी स्वतः बटण दाबून धून तोडली आणि मुलांना कळावे म्हणून खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला. मुले ओरडली. पहिलीतली ती मुलगी गप्पच होती. चौथ्या दिवशी माझ्या हाताकडे पाहत तिचे ओठ हलले. बाईंनी तिचा आवाज ऐकला.

पुढे चिखलीहून नेमकी तोडलेली प्रतही करून आणली. ती लावून मी मैदानात उभा राहिलो. मुलीने रिकाम्या खिडकीकडे पाहिले आणि तोंड मिटले. सहकाऱ्याने खिडकीतून हात काढून पाहिला, तरीही ती बोलली नाही.

पुस्तकांच्या त्या खोलीत वारा येत नाही. पूर्वी धून लावून मी मुलांबरोबर रांगेत चालत असे, ते संपले.

"सर, तुम्ही तं बटनाले बांधल्या गेले," सहकारी म्हणतात. "आता रजा घेऊन दाखवा!"

मी घेतलेली नाही. तापातही आलो. माझे घर मेहकरला आहे. तिकडच्या बदलीचा अर्ज या वर्षी भरला नाही. ती मुलगी शाळेत अजून तेवढेच तीन ठोके म्हणते.

मुलांना मार्च आवडतो तो त्यात त्यांच्यासाठी जागा उरते म्हणून, असे मला वाटते. पण माझी पाहणी एकाच शाळेची आहे. आपल्या घरी किंवा वर्गात एखादा ओळखीचा मार्च लावा, शेवटच्या ठोक्यांआधी थांबवा आणि मुले काय करतात ते कृपया स्वतः पाहा.