माऊसखालचं घड्याळ

ऑकलंडला येऊन आम्हाला दुसरं वर्ष लागलं होतं. माझा व्हिसा कंपनीला बांधलेला, म्हणजे नोकरी गेली की देशही सोडायचा. दुकानांना दूध, ब्रेड पोचवणारी ती कंपनी. दुकानं बंद झाली की दिवसभराची विक्री गोळा करून, उद्या कुठे किती माल जायचा त्याची यादी माझ्या लॅपटॉपवर रात्रभर तयार व्हायची. पहाटे पाचला ती गोदामात हवी असायची.

मग कंपनीने वीज वाचवायचं ठरवलं. अर्धा तास कुणी हात लावला नाही, की लॅपटॉप आपोआप स्लीपमध्ये जायचा, सर्व्हरशी कनेक्शन तुटायचं आणि यादी अर्ध्यावर थांबायची. सेटिंग बदलायला गेले तर ते बटण राखाडी. तो अधिकार फक्त आयटीकडे, आणि आयटीकडे जायचं ते मॅनेजरमार्फत.

त्याच मॅनेजरकडून मला व्हिसा वाढवण्यासाठी पत्र हवं होतं. अशा वेळी तक्रारखोर ठरायचं नाही, म्हणून मी गप्प बसले. मी आणि नवरा पाळीपाळीने गजर लावून उठायचो, माऊस हलवायचो, परत पडायचो. हिल्सबरोचं आमचं एका बेडरूमचं घर मला कोंडवाड्यासारखं वाटायला लागलं. मैत्रिणीने दोन दिवस समुद्रावर राहायला बोलावलं, तर मी काहीतरी थाप मारून टाळलं. खरं कारण सांगायची लाज वाटली.

शेवटी नवऱ्याने कुठेतरी वाचून आपलं लग्नातलं मनगटी घड्याळ माऊसखाली ठेवलं. सेकंदकाटा फिरत राहिला की लॅपटॉपला वाटायचं, कुणीतरी माऊस हलवतंय. दोन महिने आम्ही नीट झोपलो.

एका गुरुवारी साडेचारला उठले तर स्क्रीन काळी. घड्याळाचा सेल संपला होता. यादी नव्याने करायला चार तास लागले असते. मी आदल्या दिवशीची यादी उघडली, तारीख बदलली आणि पाठवून दिली. तेव्हा काहीच वाटलं नाही, याचं नंतर फार वाईट वाटलं.

सातला गोदामातल्या बाईंचा फोन आला. साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. न्यू लिनच्या दुकानात कालचंच दूध पडून होतं आणि यादीप्रमाणे आज पुन्हा तेवढंच निघालं होतं.

"ही कालची यादी आहे का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

"मग मॅनेजरला तूच सांग. मी दहापर्यंत थांबते, नाहीतर मीच सांगेन."

मी नऊला सांगितलं, घड्याळासकट सगळं. त्याने आयटीला फोन लावला आणि दहा मिनिटांत माझ्या लॅपटॉपचं सेटिंग बदललं. ज्यासाठी इतक्या रात्रींची झोप घालवली, ते एवढंसं काम होतं.

"आधी का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"पत्र तुमच्याकडून हवं होतं," मी म्हणाले.

तो म्हणाला, की लॅपटॉपचा दोष माझा नाही, पण खोट्या तारखेबद्दल लेखी ताकीद द्यावीच लागेल. मी सही केली.

पुढच्या महिन्यात पत्र मिळालं, व्हिसाही वाढला. नव्या व्हिसावर नाव त्याच कंपनीचं आहे. नवरा म्हणाला, आता समुद्रावर जाऊ. मी म्हटलं, बघू.