हरिभाऊंनी लावलेला कौल

बदलापूर मागे टाकून दीड तास झाला होता. बारवी धरणाकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर सावली कमीच. हरिभाऊ माझ्या दोन पावलं पुढे, चपला हातात. कौल लावायला जाताना गाडी करायची नाही आणि बदलापूर सोडलं की अनवाणी चालायचं, हा त्यांच्या बायकोच्या माहेरचा नियम. साठी उलटलेला, देव न मानणारा माणूस तो नियम तंतोतंत पाळत होता.

"घाला हो चपला. इथं कोण बघतंय?" मी म्हटलं.

"तोच तर प्रश्न आहे, संजीवनीताई. कोण बघतंय?" ते हसले, पण गालातल्या गालात. "वेणूला कबूल केलंय. बास."

हरिचंद्र भोईर अंबरनाथला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. मूळचे मोरिवलीचे. तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये, त्यांनी तीस वर्षं काढली. एकदा मालाचा नमुना नापास निघाला. मॅनेजर म्हणाला, आकडा जरा वर लिही. हरिभाऊंनी पेन त्याच्यापुढे ठेवलं, "तुम्ही लिहा साहेब, सही पण तुमचीच करा." गावच्या जत्रेला वेणूवहिनींबरोबर जायचे आणि देवळाबाहेर चपला सांभाळत बसायचे. पोरं चिडवायची, "काका, देव आत हाय!" हे म्हणायचे, "असेल तर येईल की बाहेर, मी इथंच आहे."

वेणूवहिनींच्या हृदयाची झडप आकसली होती. एक जिना चढायचा तर तीनदा बसायच्या. उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात त्यांना दाखल केलं होतं, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टर म्हणाले, केलं तर शंभरातले पंचाण्णव घरी जातात. नाही केलं तर वर्षही निघणं कठीण. आणि वहिनी सहीच करेनात. त्यांची आई कौल न घेता ऑपरेशनला गेली होती, ती टेबलावरून परत आली नाही. "देवीचा कौल आना," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "नि तुमीच लावा. तुमी खोटा बोलत नाय." साक्षीला म्हणून मला धाडलं. मी रोज दिवा लावणारी, म्हणून.

कौल म्हणजे काय, तर देवीच्या दगडी मूर्तीला उजवीकडे एक आणि डावीकडे एक, अशा ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला की वहिनी घरी जाणार आणि आम्ही सगळे बघत बसणार.

उन्हातली वाट सरता सरेना. म्हणून मीच वाद काढला.

"हरिभाऊ, देव नाही हा पण तुमचा विश्वासच ना? कुठं सगळीकडे फिरून बघून आलात?"

"तुमच्या पिशवीत मांजर आहे?"

"काहीतरीच!"

"मग मांजर नाही यावर तुमची श्रद्धा आहे म्हणायचं का?"

"पिशवी मी भरलीय. मला माहीत आहे आत काय ते. हे जग काय तुम्ही भरलंत?"

ते थांबले, वळून बघितलं. "पॉइंट आहे. मग असं म्हणतो, मला अजून सापडला नाही. एवढं म्हणायला श्रद्धा लागत नाही."

"मला सापडलाय. माझा भाऊ हॉस्पिटलात तापानं गेल्यातच जमा होता. मी देवीला साकडं घातलं, सकाळी उठून चहा मागितला त्यानं."

"बरं झालं. खरंच बरं झालं. पण त्याच वॉर्डात आणखी कुणाकुणाच्या बहिणींनी साकडं घातलं असेल ना? त्यांचे भाऊ?"

 मला राग आला. त्यांच्या बायकोसाठी मी उन्हातून चालत होते आणि हा माणूस माझ्या भावाचा हिशोब मांडत होता. पुढचा अर्धा तास मी त्यांच्या पुढे चालले.

देऊळ टेकाडावर आहे. पत्र्याचं छप्पर, आत कमरेएवढी शेंदूर लावलेली देवी. गुरव नाही, घरातल्या माणसानंच कौल लावायचा. हरिभाऊंनी हातपाय धुतले. जास्वंदीच्या दोन पाकळ्या तोडल्या. वहिनींनी पढवलेलं गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझ्या लेकीला ऑपरेशनला जाऊ दे की नको, सांग." 

मग त्यांनी डावी पाकळी पाण्यात बुडवली, मूर्तीला लावली आणि अंगठ्यानं दाबून धरली. मी मनात आकडे मोजले. पंधरा. उजवी नुसती टेकवली आणि हात काढला.

मी बघितलं. मी बघितलंय हे त्यांनाही कळलं.  खरं सांगते, मनातून मला बरंच वाटलं. देवी, एवढं चालवून घे, म्हटलं.

आम्ही समोर बसलो. दहा मिनिटं गेली. वीस गेली. उजव्या पाकळीची कड सुटली, वाऱ्यानं हलायला लागली. आता पडेल, आता पडेल. हरिभाऊंच्या मुठी आवळलेल्या.

डावी पडली. अख्खी, एकदम.

माझ्या अंगावर काटा आला. ते उठले, पाकळी उचलली, उजेडात धरून उलटसुलट केली. "जास्त दाबली," ते पुटपुटले. "चेचली गेली. बुळबुळीत झालीय, बघा. म्हणून सुटली." मला पाकळी दिसली आणि तिचा रसही दिसला. पण देवीला फसवायला गेलं तर ती असंच उत्तर देईल, हेही मला त्याच क्षणी वाटलं होतं. अजून वाटतं.

"परत लावा," मी म्हटलं.

"एका प्रश्नाला एकच कौल. कितीदा लावला, हेच वेणू आधी विचारेल."

उतरताना त्यांनी चपला घातल्या नाहीत. रस्त्याला लागतो तोच त्यांच्या मुलीचा, भाविकाचा फोन आला. "बाबा, आई विचारतेय. डॉक्टर पाचपर्यंतच थांबणारेत. काय आलं?"

"येऊन सांगतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि रस्त्याच्या कडेलाच बसले. मी पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी तशीच हातात धरून ठेवली.

"उजवी पडली म्हणून सांगू का?" मीच विचारलं. देवीच्या नावानं खोटं बोलायला मी तयार झाले होते, माझं मलाच नवल वाटलं.

"नको. तिनं मला पाठवलं ते मी लबाडी करत नाही म्हणून. मी लबाडी केली. म्हणजे हा कौल तिच्याच नियमानं बाद."

"आणि तरीही देवीनंच सांगितलं असेल तर?"

त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. एक टेम्पो धूळ उडवत गेला.

"मग तेही सांगा वेणूला. तुम्हाला वाटतं ते सगळं सांगा, मी अडवणार नाही. काय करायचं ते तिला ठरवू दे. पण मी अंगठा दाबला हे माझ्या तोंडून नको. नकार आला म्हणून आता बनवतोय, असं वाटेल तिला. तुम्ही देवीला मानता, तुमचं ती खरं धरेल. माझ्यासमोर सांगा, ताई. आणि तिनं माझ्याकडे बघितलं ना, तर माझी बाजू घेऊ नका."