बाकावरून केलेली खूण

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पुण्यात बाबांनाही नाही — आणि बाबांना तर मी प्रत्येक सामन्याचं रडगाणं ऐकवत असतो. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय, एवढंच.

मी जर्मनीत आइस हॉकीचा सहायक प्रशिक्षक आहे. पुण्यात चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळायचो, इथे शिकायला आलो आणि बर्फाला चिकटलो. आमचा क्लब खालच्या लीगमधला, पण पगारी. मुख्य प्रशिक्षक आक्रमण बघतो, बचावपटू माझ्याकडे. या खेळात माणसं सतत बदलतात — जेमतेम मिनिटभर जीव तोडून पळायचं, बाकावर यायचं, दुसरा आत. बचावपटूंनी कधी बाहेर यायचं ते मी ठरवतो. गोंगाटात आवाज पोचत नाही, म्हणून हाताने खूण करतो.

हरल्यावर मी फार छान बोलतो. कोण कुठे कमी पडलं, कोणाचं लक्ष कुठे होतं — अशी चिरफाड करावी तर मीच. दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यावर तर माझं पोट चालतं. मग ही एक चूक — थांबा, नीट क्रमाने सांगतो.

त्या वर्षी बाद फेरीतला आमचा सामना बरोबरीत अडकला आणि जादा वेळ सुरू झाला. पुढचा गोल ज्याचा, तो जिंकला. जादा वेळेत संघ बाजू बदलतात, त्यामुळे आमचा बाक आमच्याच गोलपासून लांब पडला. अशा वेळी पक, म्हणजे ती रबरी चकती, पार पलीकडच्या टोकाला गेल्याशिवाय बचावपटूला बाहेर बोलवायचं नाही — हे आम्ही लहान मुलांना शिकवतो. टोबी दमला होता. आमचा सगळ्यात जुना बचावपटू, करार त्याच उन्हाळ्यात संपणार होता. त्याने बाकाकडे पाहिलं. मी हात केला — ये. पक अजून मधेच होता. तो आला, त्याची बाजू उघडी पडली आणि तिथूनच त्यांचा माणूस एकटा सुटला. गोल. आमचा मोसम संपला.

मुख्य प्रशिक्षकाने विचारलं, हा बाहेर का आला? सगळे पककडे बघत होते, माझा हात कोणी पाहिला नव्हता. मी नुसते खांदे उडवले.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही थांबलो. सामन्याचे व्हिडिओ कापून संघाला दाखवायचं कामही माझंच. मी तो गोल अशा कॅमेऱ्यातून दाखवला, ज्यात आमचा बाक दिसतच नाही. टोबी एकटाच खेळ सोडून निघालेला दिसतो, बस. नंतर तो माझ्याकडे आला. रागावलेला नव्हता — रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तू हात केला होतास ना, एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, ती खूण बाकावरच्या पुढच्या जोडीला होती, तयार राहा म्हणून. त्याने थोडा विचार केला, मान हलवली आणि आत जाऊन सगळ्या संघाची माफी मागितली. मी दारात उभा राहून ती ऐकली.

बाबांनी सामना लॅपटॉपवर पाहिला होता. “अरे, तो मधेच का निघाला रे?” “अक्कल गहाण टाकली होती त्याने, बाबा.” अजूनही ते फोनवर विचारतात, तुमचा तो पळपुटा काय करतो हल्ली? आणि मी हसतो. लाज वाटते — हसताना वाटते, फोन ठेवल्यावर वाटते — तरी हसतो.

क्लबने टोबीचा करार वाढवला नाही. वयामुळे तसाही वाढवला नसता, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. पण त्या बैठकीत मीही होतो. माझं मत विचारलं, तेव्हा मी म्हटलं, त्याला आता खेळाचा अंदाज राहिला नाही. खरं सांगू? तो राहिला असता तर मला रोज त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. याला भेकडपणा नाही तर काय म्हणायचं?

गेल्या हिवाळ्यात मुलांच्या एका स्पर्धेसाठी हॅनोव्हरला गेलो होतो. तिथे टोबी भेटला. दिवसा एका गोदामात काम करतो, संध्याकाळी लहान मुलांना शिकवतो. मला बघून धावत आला, मिठी मारली. मग त्याने आपल्याकडे शिकणाऱ्या मुलांना गोळा केलं आणि त्या गोलची गोष्ट सांगितली — उतावीळपणा करू नका, खूण कोणाला आहे ते नीट बघा, माझ्या एका चुकीने अख्ख्या संघाचं वर्ष वाया गेलं. किती मनापासून सांगत होता! “हे तेव्हा बाकावर होते,” तो माझ्याकडे वळून म्हणाला. “विचारा त्यांना. असंच झालं ना?”

मुलं माझ्याकडे बघायला लागली. टोबीही बघत होता.

“गेनाऊ,” मी म्हटलं. अगदी बरोबर.