गुरुजींचे चौदा दिवस

फोन आला तेव्हा मी दिवसाच्या कामांची यादी लिहीत होते. तिसरी ओळ होती, ‘गोदामाची फाइल गुरुजींकडे, नववा दिवस.’ फोनवर आमच्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष मारोतराव एवढंच म्हणाले, “सुनंदाताई, गुरुजी गेले...”

शिरड शहापूरच्या शाळेत किशनराव गुरुजींनी मला नागरिकशास्त्र शिकवलं. वरिष्ठ सभागृह हा त्यांचा लाडका धडा. घाईतला निर्णय दुसऱ्या कुणीतरी वाचायला हवा, म्हणायचे. आम्ही कंपनी काढली आणि मी तिची व्यवस्थापक झाले, तेव्हा नियम त्यांनीच लिहिले. संचालक मंडळाने ठराव करायचा, पण पाच ज्येष्ठांच्या सभेने होकार दिल्याशिवाय खर्च नाही. सभेचे प्रमुख अर्थात गुरुजी.

पहिला मोठा ठराव डाळमिलचा. ज्येष्ठांनी तो जागेच्या मुद्द्यावरून परत पाठवला, मग विजेवरून, मग दार कुठल्या दिशेला यावरून. “गुरुजी, तुमच्याकडं गेलेली फाइल म्हातारी होऊनच येते,” मी चिडून म्हटलं. “घाई काहून करून राहिली? तूर काय पळून चालली का?” ते हसले. तूर खरंच गेली. सभासदांनी ती मिळेल त्या भावात व्यापाऱ्यांना घातली, बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत संपली, आणि काहीच करू न शकणाऱ्या मंडळात बसायचं कशाला म्हणून तीन संचालकांनी राजीनामे दिले. कंपनी मोडायला आली. मी गुरुजींशी बोलणं सोडलं...

मग एकदा मुलीचं नागरिकशास्त्राचं पुस्तक चाळताना एक ओळ दिसली. तशीच उठून त्यांच्याकडे गेले आणि दारात उभ्यानेच वाचली, की अर्थविधेयक वरिष्ठ सभागृहाला चौदा दिवसांपेक्षा जास्त अडवता येत नाही. गुरुजींनी चष्मा काढला.

“जल्मभर हेच शिकवलं गं पोरी... अन् नियम लिहिताना हेच राहिलं.”

“विसरलात?”

“विसरलो म्हन.” ते खाली बघत होते. “पन मधी दोनदा आठवलं व्हतं.”

पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं आणि चौदा दिवसांचा नियम स्वतः मांडला. तिघांपैकी दोन संचालक परत आले. पुढच्या हंगामात डाळमिल सुरू झाली. त्यानंतर फाइल हाती आली की गुरुजी दारामागच्या कॅलेंडरवर चौदाव्या दिवसाच्या तारखेला लाल पेन्सिलीने गोल करायचे. मुदतीच्या आत फाइल यायची, एखादा अवघड प्रश्न घेऊन. मला त्या प्रश्नांचा राग यायचा, कारण तेवढाच नेमका माझ्या यादीत नसायचा.

ते गेल्यावर मंडळ म्हणालं, बाकी चौघांच्या सह्या घ्या आणि गोदाम सुरू करा. मी थांबले. कॅलेंडरवर गोल केलेल्या दिवशी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, फाइल हातात दिली. समासात लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पोती उतरवताना पाऊस आला तर?’ गोदामाच्या दारापुढे छप्पर आम्ही आराखड्यात धरलंच नव्हतं. आता धरलं आहे.

गेल्या आठवड्यात वजनकाट्याची नवी फाइल तयार झाली. सवयीने यादीत लिहून गेले, ‘गुरुजींकडे, पहिला दिवस.’ ती ओळ खोडली नाही. फाइल माझ्याच टेबलावर आहे. त्यांनी काय विचारलं असतं ते शोधते आहे... अजून सहा दिवस आहेत.