बाटली तळव्यात वळताना

सकाळी सहाच्या आधी काचेची एक इवलीशी बाटली माझ्या दोन्ही तळव्यांमध्ये असते. प्रथम तिचा गारवा हाताला जाणवतो. मग तो गारवा कुठे संपला आणि माझी ऊब कुठे सुरू झाली, हे कळेनासे होते. तळाशी पांढरी भुकटी, तिच्यावर नुकतेच सोडलेले चमचाभरही नसलेले पाणी, आणि त्या दोघांचे एकरूप होणे इतके संथ, इतके निःशब्द, की पाहणाऱ्याला वाटावे, आत काही घडतच नाही! बाहेर शेजारीण अंगणात सडा टाकत असते, लोह्याच्या बसस्थानकाकडून पहिल्या एसटीची घरघर येते, आणि मी पलंगाच्या काठावर बसून बाटली वळत असतो. अर्धा तास, कधी पाऊण तास. इतका वेळ नुसते बसायला मला उभ्या आयुष्यात कुणी लावले नव्हते.

मला एचआयव्हीची बाधा आहे. हे वाक्य आज मी जितक्या सरळपणे लिहितो आहे, तितक्या सरळपणे उच्चारायला मला नऊ वर्षे लागली. बाधा कशी झाली, ते माझ्या पत्नीला, शोभाला, मी सांगितले आहे. तिने दोन महिने अबोला धरला, स्वतःची तपासणी करून घेतली, काही निघाले नाही तेव्हा देवापुढे बसून रडली, आणि मग एके दुपारी माझे ताट वाढून माझ्यासमोर बसली. तुम्हाला मात्र ते सांगणार नाही. कुणाला टायफॉइड झाला तर तो कुठल्या पाण्यातून आला, हे आपण विचारत बसतो का? मग या एकाच दुखण्याची वंशावळ सगळ्यांना का हवी असते! मला तिचा कंटाळा आला आहे, म्हणून ती मी इथे मांडत नाही.

मी पशुधन पर्यवेक्षक. लोहा तालुक्यातल्या वीस-बावीस गावांची गुरे माझ्या हाताखालून जातात. गावकरी मला डॉक्टर म्हणतात आणि ती चूक मी कधी दुरुस्त करीत नाही. लोह्याहून नांदेड अगदी जवळ. पण तिथल्या दवाखान्यात कुणी ओळखीचे भेटेल, या भयाने गोळ्यांसाठी मी नाव घातले ते थेट लातूरला. माळाकोळी, अहमदपूर, चाकूर करीत एसटीने जायचे आणि तसेच धक्के खात परतायचे. गंमत पाहा, दुसऱ्याच खेपेला रांगेत माझ्यापुढे उभे होते आमच्याच तालुक्यातले एक गुरुजी! तेही नांदेड चुकवून लातूरला आलेले. पाहुण्यांना भेटायला आलोय, असे आम्ही दोघांनी एकदमच सांगितले आणि आपापले पाहुणे शोधत रांगेतून बाहेर पडलो. त्या महिन्याच्या गोळ्या मी घेतल्या नाहीत. गुरुजींनीही घेतल्या नसाव्यात.

अशा किती खेपा हुकल्या! लसीकरणाचा हंगाम आला की लातूर राहून जायचे. निलंग्याला मेहुण्याच्या लग्नात चार दिवस मुक्काम होता, तेव्हा गोळ्यांची डबी बॅगेच्या तळाशी तशीच पडून राहिली. भरल्या घरात ती काढायची तरी कुठे? औषधाला असे वारंवार चुकवले, की रक्तातला विषाणू त्याला पुरून उरायला शिकतो. माझा शिकला. गेल्या उन्हाळ्यात अंगावरचे सदरे ढिले होऊ लागले, तेव्हा निमूटपणे नांदेड गाठले. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासणीचे कागद दोनदा वाचले. जुन्या गोळ्या निकामी झाल्या होत्या. त्यांनी खूप खटपट करून नव्या गोळ्या मिळवल्या आणि त्यांच्या जोडीला हे इंजेक्शन, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, कातडीखाली, माझे मीच टोचून घ्यायचे. “हे चुकवलंत तर माझ्या कपाटात पुढचं काही नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नाही, आणि म्हणूनच मी घाबरलो.

तरी मनात एक गुर्मी होतीच. सुईचे मला काय नवल? गुरांच्या घटसर्पाच्या लसीची बाटली हाती आली की ती आधी खळाखळा हलवायची, हे माझ्या मनगटात तीस वर्षे मुरलेले. पहिल्या सकाळी या बाटलीलाही मी तसेच हलवले, आणि क्षणात आत साबणासारखा फेस! डॉक्टरबाईंनी चारदा बजावले होते, हलवू नका, नुसती तळव्यात वळा. पण सवयीचा हात कुणाचे ऐकतो? फेस बसेपर्यंत साडेसात वाजून गेले. मग औषध निर्मळ झाले, सिरिंजमध्ये आले, मी मांडीची चिमूट धरली, आणि हात जागच्या जागी थांबला. ज्या हाताने मारक्या वळूंना टोचले, आडदांड म्हशींना टोचले, त्याला स्वतःची बोटभर कातडी ओलांडता येईना. मी चक्क रडकुंडीला आलो.

शोभा दारात उभी राहून सारे पाहत होती. जनावराला टोचताना माझी एक रीत आहे, ती तिने लग्नानंतर पहिल्याच वर्षी हेरली होती. मी तीन थापा मारतो, काहीबाही पुटपुटत राहतो, आणि त्या बोलण्याच्या ओघातच सुई आत जाते. जनावराला कळेपर्यंत काम उरकलेले असते. ती म्हणाली, “म्हशीला बोलत बोलत टोचता की तुम्ही. तसंच बोला की आता.” मला हसावे की रडावे कळेना. पण मी मांडीवर तीन थापा मारल्या, “थांब गं माय, झालंच बघ,” असे स्वतःच्याच मांडीला म्हणालो, आणि खरोखरच झाले! शोभाने तोंडाला पदर लावला. कित्येक महिन्यांनी ती आमच्या घरात हसत होती.

आता हे रोजचे झाले आहे. टोचल्या जागी गाठ येते, कधी लिंबाच्या बीएवढी, कधी सुपारीएवढी. दोन दिवस ठणकते, मग खाजते. म्हणून जागा बदलत राहायचे. उजवी मांडी झाली की डावी, मग पोटाची एक बाजू, मग दुसरी. शोभाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी, ‘उ.मां.’, ‘डा.पो.’ अशी बारीक अक्षरे लिहायला घेतली. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या डब्यात जाते आणि डबा भरला की नांदेडला. पन्नाशी उलटेपर्यंत ज्या देहाकडे मी अंघोळीपुरतेही नीट पाहिले नव्हते, त्याचा इंचन्‌इंच आता मला ठाऊक आहे. कुठे मऊ, कुठे दुखरा, कुठे अजून दोन दिवस विसावा हवा, हे बोट फिरवले की समजते. देहाशी अशी ओळख व्हायला दुखणेच यावे लागते, याचे मला वाईटही वाटते आणि हसूही येते.

सकाळची सुई घरात होई. संध्याकाळची मात्र बहुधा कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी ओसरीवर. तिथे मी एक सुरेख थाप शोधून काढली होती: मला साखर आहे, हे साखरेचे इंजेक्शन! मधुमेह हा आता घरोघरचा पाहुणा. सारे समजुतीने मान हलवत. पण या थापेचे प्रायश्चित्त मला कपाकपाने घ्यावे लागले. गावोगावी माझ्यासाठी वेगळा चहा होऊ लागला, बिनसाखरेचा, काळपट, कडू! मी जन्माचा गोडखाऊ. “डॉक्टरांचा फिका आणा,” असे कुणी प्रेमाने ओरडले की माझा जीव कळवळे. तरी मी तो घोट घोट प्यायलो, कारण खरे सांगण्यापेक्षा तो सोपा होता.

गेल्या कार्तिकातली एक संध्याकाळ. सव्वापाचला एका गावात मी बाटलीत पाणी सोडले आणि तेवढ्यात गयाबाईची सून धावत आली. म्हैस अडली होती. गयाबाई माझ्या आईच्या वयाची, पाठीत वाकलेली. गेलो तो ती ओसरीवर वाती वळत बसलेली. त्रिपुरी पौर्णिमा चार दिवसांवर होती आणि समोरच्या सुपात कापसाचा ढीग होता. म्हशीच्या पोटातल्या पिल्लाची मान मागे वळली होती. मला दोन्ही हात हवे होते, आणि खिशात ही बाटली, सहाच्या आत वळून तयार व्हायला हवी अशी. क्षणभर मनात आले, राहू दे आजची. नऊ वर्षे हेच वाक्य माझ्या कामी आले होते! मग डॉक्टरबाईंचे ते कपाट आठवले. मी बाटली गयाबाईच्या हातात दिली. वाती वळता तशी ही वळत राहा, हलवू मात्र नका, एवढेच सांगितले आणि गोठ्यात शिरलो.

मान सरळ करायला अर्ध्या तासावर वेळ गेला. खांद्यापर्यंत हात आत, सून दोर धरून उभी, म्हैस कण्हते आहे, आणि मी नेहमीसारखा तिच्याशी बोलतो आहे. शेवटी वगार झाली, धडपडली, फुरफुरली. मी हात साबणाने घासत असताना मोबाइलचा गजर वाजला. सहा! ओसरीवर आलो तर गयाबाईच्या सुरकुतलेल्या तळव्यांत बाटली अजून फिरत होती, आणि आतले पाणी इतके नितळ झाले होते, की तितके माझ्याकडून कधी झाले नव्हते.

बाटली देता देता ती म्हणाली, “आमच्या दिरालाबी साखर हाय. त्याची बाटली कोणी वळत न्हाई.”

थाप पकडली गेली होती. दुसरी थाप सुचत होती, तोंडापर्यंत आलीही होती. पण तिने अर्धा तास न विचारता माझे काम केले होते, आणि तिच्यासमोर खोटे बोलायची मला लाज वाटली. “माय, मला साखर नाही,” मी म्हणालो. “मला एचआयव्ही आहे.”

सून दारातच थबकली. मी ओसरीच्या कडेला बसलो, सदरा वर केला, पोटाची डावी बाजू पाहिली, तीन थापा मारल्या आणि सुई टोचली. गयाबाई डोळे न हलवता पाहत होती. सुई डब्यात गेल्यावर ती सावकाश बोलली.

“माझ्या भावाचा ल्योक त्यातच गेला. गोळ्या व्हत्या घरात, पिठाच्या डब्यात लपवलेल्या. कोणाला दिसतील म्हनून खाल्ल्याच न्हाईत त्यानं.”

मग त्याच हातांनी तिने सुपातला कापूस उचलला आणि वात वळू लागली. त्रिपुरवातीला साडेसातशे वाती लागतात; इतक्या कशाला, असे मी काहीतरी बोलायचे म्हणून विचारले. तिचे उत्तर तयार होते. दिवसाच्या दोन, सकाळची एक, सांजेची एक, आणि वरच्या वीस वर्षभरात चुकलेल्या-माकलेल्या दिव्यांसाठी. देव तेवढी सूट देतो म्हणे. माझ्याही सुया दिवसाला दोनच, हे मी मनात म्हटले. सूट मात्र मी नऊ वर्षांत सगळी वापरून बसलो होतो. तिने सुनेकडे न पाहता सांगितले, “च्या ठेव डॉक्टरला. साखर घाल चांगली.”

तो चहा मी कसा प्यायलो, काय सांगू! डोळे भरून आले, आणि साखर खरोखरच जरा जास्त झाली होती.

गयाबाईने बातमी दडवली नाही, आणि दडवावी असे मी म्हटलेही नव्हते. दोन घरांनी मला बोलावणे सोडले. त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण बाकीची गुरे आजारी पडायची थांबली नाहीत, आणि माणसेही माझ्याकडे यायची थांबली नाहीत. बातमी कुठवर पोचली, हे मला आता चहावरून कळते. ज्या गावात कप गोड आला, त्या गावाला माहीत झाले! माळावरची गावे आधी गोड झाली, मग नदीकाठची. लातूरच्या रांगेतल्या त्या गुरुजींच्या घरीही एकदा गाय पाहायला गेलो होतो. त्यांनी चहात साखर ढवळत माझ्याकडे पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, नांदेडच्या बाई कोणत्या वारी बसतात. आता आम्ही दोघे एकाच बसने जातो आणि पाहुण्यांचे नाव काढत नाही. परवाच्या तपासणीत माझ्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडला नाही. बाईंनी कागद दोनदा वाचला, या वेळी हसत. सुई अजून काही महिने चालेल, मग नुसत्या गोळ्यांवर राहता येईल का ते पाहू, असे त्या म्हणाल्या.

आज सकाळीही बाटली तळव्यात आहे. गारवा केव्हाच गेला आहे, पाणी नितळ होत आले आहे, कॅलेंडरवर उजव्या मांडीची पाळी आहे. संध्याकाळी मला तालुक्याच्या टोकाच्या एका गावात जायचे आहे. तिथे अजून मला फिकाच चहा मिळतो. आज तिथे मी स्वतःच साखर मागणार आहे.