निळ्या भिंतीवरची पांढरी अक्षरं

गडमुडशिंगीच्या रस्त्यावरचं आमचं वर्कशॉप मी विकलं आणि घेणाऱ्यानं ते पाडलं. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना मात्र ते नुसतं बंद आहे, असं सांगितलं होतं. "एकदा दाखीव की," असं ते रोज म्हणायला लागले, तेव्हा मी जुन्या नकाशावरून पन्नासाव्या हिश्शाचं मॉडेल करायला घेतलं.

पत्रे, खिडक्या, सगळं मापात बसलं. अडलं ते निळ्या भिंतीवरच्या पांढऱ्या नावापाशी, कारण घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही. म्हणून छाप पापुद्र्यासारखी सुटून दुसरीकडं चिकटते तो पांढरा डेकल कागद आणला आणि अक्षरं कोरी सोडून भोवती निळा रंग छापला. भिंतीशी जुळणारा निळा सतराव्या खेपेला मिळाला. वर पारदर्शक लॅकर मारला, कागद पाण्यात भिजवला आणि सुटून आलेला पापुद्रा चिमट्यानं भिंतीवर सरकवला. एकही फुगा राहिला नाही.

वडिलांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. दर दसऱ्याला ते स्वतः ब्रशनं ते नाव गिरवायचे, त्यामुळे अक्षरं जाड आणि वाकडी झाली होती. मी कॉम्प्युटरमधली सरळ अक्षरं घेतली होती.

"ही माझ्या हातची न्हाईत. कुणी रंगवली?"

मी मॉडेल फिरवून खिडक्यांची बाजू त्यांच्यापुढं केली.

"विकलंस व्हय रं?"

"व्हय, आण्णा."

"आणि खोटं बोलायला एवढी मापं घेतलीस?"

मॉडेल कपाटावर आहे. पाणी हवं असलं की आण्णा आता सुनेला हाक मारतात.